खताच्या गावातली आमरी

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेल्या लोकलला लवकरच बाजवा स्टेशन लागते. शेजारीच गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले जीएसएफसी, आणि थोडे पलीकडे कोयलीची रिफायनरी. 1962 साली स्थापन झालेल्या आणि 1967 पासून उत्पादन करणाऱ्या जीएसएफसीने युरिया, अमोनियम सल्फेट, डीएपी अशी खते शेतापर्यंत पोचवली. अशा गावात कुंडीतले झाड वाढेना म्हटले की शेजारीपाजारी एकच सल्ला देतात: खत घाला. गुलाबाला तो लागू पडतो, पपईलाही पडतो. आमरीला, म्हणजे ऑर्किडला, तो सहसा पडत नाही. बाजव्याच्या गच्चीत किंवा बाल्कनीत ऑर्किडला नवी फूट येत नसेल, तर तिथे हवेतली ओल कमी पडत असते, मुळांभोवती वारा खेळत नसतो, नाहीतर महिना चुकलेला असतो. खताची पाळी या तिन्हींच्या नंतर येते.

घरात वाढवली जाणारी बहुतेक ऑर्किड्स मातीतली नाहीत. रानात ती झाडाच्या सालीला धरून राहतात. बांडगुळासारखा रस शोषत नाहीत, फक्त आधार घेतात. पाऊस पडला की मूळ भिजते, पाऊस थांबला की वाऱ्याने सुकते. त्यांच्या मुळावर मेलेल्या पेशींचे एक पांढुरके, सच्छिद्र आवरण असते. कोरडे असताना ते चंदेरी दिसते. पाणी लागले की पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर येतो. ही मुळे पानांसारखे थोडेफार अन्नही तयार करतात. म्हणून त्यांना पाण्याइतकीच हवा लागते, काही जातींना उजेडही लागतो. कुंडीत तांबडी माती आणि शेणखत भरून त्यात ऑर्किड लावले तर ते उपाशी मरत नाही, गुदमरून मरते.

नवी वाढ सुरू झाल्याची पहिली खूण नवे पान नव्हे. पहिली खूण म्हणजे मुळाचे टोक. चंदेरी मुळाच्या शेवटी बोटाच्या पेराएवढा हिरवा, कधी तांबूस, चकचकीत भाग दिसू लागला की झाड जागे झाले आहे असे समजावे. ते टोक जोवर ताजे आहे तोवरच झाडाला देण्यासारखे काही आहे. टोक पांढऱ्या आवरणाखाली झाकले गेले असेल तर झाड थांबलेले आहे, आणि थांबलेल्या झाडाला खत देणे म्हणजे कुंडीत मीठ साठवणे. ही एक गोष्ट बघायची सवय लागली की अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

ऑर्किडच्या बऱ्याच पुस्तकांमागे इंग्लंड-युरोपातल्या काचघरांची परंपरा आहे. तिथला माळी थंडीशी झगडतो. घर उबदार कसे ठेवायचे, हिवाळ्यात उजेड कसा पुरवायचा, ही त्याची काळजी. बडोद्याला ही विद्या फार पूर्वी येऊन गेली आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1879 मध्ये सयाजीबाग, म्हणजे बडोदेकरांची कमाटीबाग, उभारली. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल पुढे म्हैसूर संस्थानात नावाजला, पण त्याआधी तो बडोद्याच्या नोकरीत होता. मात्र कुंडीतल्या ऑर्किडच्या बाबतीत त्या थंड देशातल्या वेळापत्रकाचा इथे उपयोग नाही. तिकडे वसंतात कुंडी बदला म्हणतात. तो वसंत म्हणजे आपला मार्च-एप्रिल. बाजव्यात मार्चअखेरीस कुंडी बदलली, तर दुखावलेल्या मुळांना थेट चाळीस अंशांच्या तोंडी देणे होते.

इथले वर्ष वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी पडते. जूनच्या मध्यावर पाऊस येतो. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस, साधारण नऊशे मिलिमीटर, सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. ऑक्टोबरची उष्णता सरली की दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागतात, आणि जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे नव्या फुटीचा खरा काळ जून ते सप्टेंबर. त्यामागोमाग ऑक्टोबर-नोव्हेंबर ही छोटी पण मोलाची पुरवणी. उन्हाळ्यात वाढ मागू नये. झाड तगले, पाने सुरकुतली नाहीत, मुळे जिवंत राहिली, तेवढे पुष्कळ.

उन्हाळा तगवण्याचे उपाय साधे आहेत. पश्चिमेची गच्ची टाळा. पूर्वेची किंवा उत्तरेची बाल्कनी निवडा. सकाळचे ऊन नऊ-साडेनऊपर्यंत चालते. त्यानंतर हिरवी शेडनेट हवी, डेंड्रोबियम प्रकारच्या ऑर्किडसाठी पन्नास टक्क्यांची आणि फॅलेनॉप्सिस प्रकारासाठी पंचाहत्तर टक्क्यांची. कुंड्या एकेकट्या न ठेवता घोळक्याने ठेवाव्यात. खाली पसरट ट्रेमध्ये विटांचे तुकडे आणि पाणी असावे, पण कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. संध्याकाळी फरशीवर आणि भिंतीवर पाणी मारावे. झाडावर नव्हे, झाडाच्या आसपास. कूलरच्या थेट झोतात मात्र कुंडी ठेवू नये. तो वारा दमट वाटला तरी जोराचा वारा मुळांना वाळवतोच. या दिवसांत लाल कोळी पानांच्या मागून रस शोषतात आणि पानावर चंदेरी ठिपके उमटतात. ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसली की कोळीही जातात आणि कारखानदारी भागातली धूळही उतरते.

इथे एक घरगुती गोष्ट सांगून टाकतो. मे महिन्यात खोलीत आंब्याची अढी घातलेली असते. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात, फुले लवकर मिटतात. अढी एका खोलीत, ऑर्किड दुसऱ्या खोलीत. दोन्ही सुखी.

आता कुंडीत काय भरायचे ते. बडोद्यात मिळणाऱ्या वस्तूंतूनच उत्तम माध्यम बनते: लोणारी कोळशाचे दीड-दोन इंची तुकडे, फुटक्या कौलांचे किंवा विटांचे खडे, आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे. सोडणात क्षार असतात, म्हणून ते आठवडाभर भिजत घालून रोज पाणी बदलावे. प्रमाण हवेवर ठरते. पावसात ज्याची बाल्कनी झोडपली जाते त्याने कोळसा आणि विटा जास्त घ्याव्यात. ज्याची बाल्कनी आडोशाची आणि कोरडी आहे त्याने सोडण वाढवावे. कुंडी मातीची, बाजूंनाही भोके पाडलेली असावी. आणि ती लहान असावी. झाड आहे त्यापेक्षा मोठ्या कुंडीत लावण्याची आपली सवय ऑर्किडला मारक ठरते, कारण मोठ्या कुंडीचा मधला भाग आठवडाभर वाळत नाही.

नर्सरीतून आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांमध्ये बहुधा शेवाळाचा घट्ट गोळा असतो. हे शेवाळ म्हणजे स्फॅग्नम. हरितगृहात, जिथे पाणी मोजून मिळते, तिथे ते सोयीचे. घरी येताच तो गोळा वरून कोरडा आणि आतून ओलाचिंब राहतो. माणूस वरचा कोरडेपणा बघून पाणी घालत राहतो आणि सहा महिन्यांनी मुळे बोटाने दाबली की पोकळ लागतात. फुले संपून पावसाळा लागला की हा गोळा काढावा. मऊ पडलेली मुळे कात्रीने कापावीत, कात्री आधी ज्योतीवर तापवून घ्यावी. कापलेल्या जागी दालचिनीची पूड चिमूटभर लावतात. ती बुरशी रोखते, पण फार वाळवतेही, म्हणून निरोगी मुळांवर ती पडू देऊ नये.

पाणी हा बाजव्यातला सगळ्यांत अवघड भाग. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते आणि त्यातले क्षार मुळांवर पांढरा थर धरतात. मुळांची टोके काळी पडून थांबतात त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. जुलैमध्ये झाकणाच्या पिंपात साठवले की काही आठवडे निघतात. एअरकंडिशनरच्या नळीतून टपकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते आणि नेमके कडक उन्हाळ्यात मिळते. आरओ यंत्राचे पिण्याचे पाणीही चालते. त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र घालू नये, क्षार तर त्यातच गोळा झालेले असतात. पाणी सकाळी घालावे, कुंडीतून धो-धो वाहून जाईल इतके घालावे, आणि मग मुळे पुन्हा चंदेरी होईपर्यंत थांबावे. उन्हाळ्यात ते रोज होईल, जानेवारीत आठवड्यातून एकदा. दिवस मोजून पाणी घालणाऱ्याची झाडे मरतात.

सकाळीच का? फॅलेनॉप्सिस, वँडा आणि डेंड्रोबियमच्या अनेक जाती पानांवरची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतात. कोरड्या हवेत पाणी वाचवण्याची ही त्यांची रीत. निवडुंगही असेच करतो. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात त्याची साखर करायची. रात्र गार असेल तर हे काम नीट चालते. पाने रात्रभर ओली राहिली तर जिवाणू आणि बुरशीचे फावते. म्हणून संध्याकाळच्या फवाऱ्याचा मोह आवरावा.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की दोन-तीन आठवड्यांत डेंड्रोबियमच्या बुडाशी हिरवा डोळा फुगू लागतो. डेंड्रोबियमची वाढ आडवी सरकत जाते. दरवर्षी बुडातून नवी कांडी येते, ती उसासारखी पेरापेराने वाढते, पाणी आणि अन्न साठवते आणि फुलते. नव्या कांडीचा पहिला महिना जुन्या कांडीच्या साठ्यावर निघतो. मग तिला स्वतःची मुळे फुटतात, आणि ही मुळे तिला याच पावसाळ्यात मिळवावी लागतात. जुनी कांडी मागे वळून नवी मुळे फारशी करत नाही. म्हणून कुंडी बदलायचा क्षण एकच: नवी फूट दोन-तीन बोटे उंच झालेली, आणि तिच्या बुडाशी मुळांचे बारीक फुगवटे दिसू लागलेले. चार दिवस आधी चालेल. मुळे दोन इंच वाढल्यावर हात लावला तर ती मोडतात आणि वर्ष वाया जाते.

पाने गळालेल्या जुन्या कांड्या बघून त्या छाटाव्याशा वाटतात. छाटू नयेत. हिरवी आणि कडक आहे तोवर ती कांडी कोठार आहे. पूर्ण वाळून तपकिरी झाली, पोकळ वाजू लागली, की मग काढावी. झाडाचे दोन भाग करायचे तर प्रत्येक भागात निदान तीन-चार कांड्या राहिल्या पाहिजेत. एकेका कांडीची चार झाडे करणारा माणूस चार वर्षे फुलांशिवाय बसतो.

झाड बरे चालले आहे की नाही हे ओळखायला मापपट्टी पुरते. यंदाची कांडी गेल्या वर्षीच्या कांडीपेक्षा उंच आणि जाड झाली पाहिजे. बुटकी झाली तर काहीतरी चुकते आहे, बहुधा मुळे. उंच पण बारीक आणि लुळी झाली, पाने गर्द हिरवी दिसत असतील, तर उजेड कमी आहे. निरोगी पान पोपटी असते. तांबूस झाक आली तर ऊन जरा जास्त होते आहे. फुलांच्या संख्येवरून झाडाची तब्येत ठरवू नये. मरणाच्या वाटेवरचे झाडही कधीकधी भरभरून फुलते.

मुसळधार पावसाचे आठवडे वाढीचे असतात आणि धोक्याचेही. नवी फूट नळीसारखी असते, तिच्या पोटात पाणी साचले की ती दोन दिवसांत कुजते आणि ओढली की हातात येते. म्हणून सलग पाऊस असताना कुंड्या पन्हाळीखालून हलवून छपराच्या कडेला घ्याव्यात, जिथे हवा आहे पण धार नाही. टांगून ठेवल्या तर आणखी बरे. शंखी गोगलगायी रात्री येऊन नेमकी मुळांची कोवळी टोके खातात. टॉर्च घेऊन हाताने वेचणे हाच खात्रीचा उपाय. बेचक्यात पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर कापसाने पुसून मग निमतेल फवारावे, तेही ऊन नसताना.

आता खत. मुळांची टोके हिरवी आहेत, नवी फूट चार बोटे झाली आहे, तर झाड खाऊ शकते. कृषी सेवा केंद्रात 19:19:19 हे विद्राव्य खत सहज मिळते. पाकिटावर शेताचे प्रमाण लिहिलेले असते, ते विसरून लिटरला अर्धा ग्रॅम घ्या आणि आठवड्यातून एकदा द्या. आधी साध्या पाण्याने मुळे भिजवा, मग खताचे पाणी घाला. महिन्यातून एकदा भरपूर साधे पाणी ओतून कुंडी धुऊन काढा. कोळशातून आणि विटांतून झाडाला कॅल्शियम, मॅग्नेशियम फारसे मिळत नाही, पावसाच्या पाण्यातूनही मिळत नाही. म्हणून अधूनमधून कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट द्यावे, पण वेगवेगळ्या दिवशी, कारण दाट द्रावणात ते एकत्र केले की तळाशी साका बसतो. मे महिन्याच्या काहिलीत आणि कडाक्याच्या थंडीत खत पूर्ण बंद.

युरियाचे काय, हा प्रश्न बाजव्यात येणारच. फॅलेनॉप्सिसची मुळे युरिया थेट शोषू शकतात असे प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे तो विषच आहे असे म्हणता येत नाही. पण शेतात त्याचे अमोनियम आणि नायट्रेट करून देणारे जिवाणू मातीत मुबलक असतात, कोळशा-विटांच्या कुंडीत तसे नसतात. शिवाय दाणे थेट टाकले तर जिथे पडतील तिथे मूळ करपते. शेतासाठी बनलेली वस्तू शेतात वापरावी. जास्त नत्राने आणखी एक घोळ होतो. थंडीत, जेव्हा कांडीने विसावा घ्यायचा असतो, तेव्हा पाणी आणि नत्र चालू ठेवले की काही डेंड्रोबियमच्या पेरांतून कळीऐवजी पिल्लू निघते. या पिल्लाला ऑर्किडवाले कीकी म्हणतात. कीकी आली तर वाईट नाही. तिची मुळे दोन-तीन इंच होऊ द्यावीत, मग कापून लहान कुंडीत लावावी. पण एकाच कांडीवर तीन-तीन कीकी दिसल्या तर आनंद मानू नये. बुडाची मुळे गेली असतील तेव्हाही झाड हाच मार्ग धरते. बाजारात मिळणारी कीकी-पेस्ट सायटोकायनिन या संजीवकाची असते. ती लावून पिल्ले निघतात हे खरे, पण ती निघतात आईच्या साठ्यातून. अशक्त झाडाला ती लावणे मला तरी गैर वाटते.

फॅलेनॉप्सिसची गोष्ट निराळी. त्याला कांडी नाही, वाढीचा एकच कोंब मध्यावर असतो, आणि त्या बेचक्यात पाणी साचून कोंब कुजला तर सहसा खेळ संपतो. बुडातून पिल्लू आले तर नशीब. चांगल्या वर्षात त्याला दोन-तीन नवी पाने येतात, तीही उष्ण दमट महिन्यांत. अठ्ठावीस अंशांच्या वर ते पानेच काढत राहते आणि फुलांचा दांडा गारव्याची वाट बघतो. बडोद्यात दिवाळीनंतरच्या रात्री तो गारवा आपोआप देतात, त्यासाठी झाड बंद खोलीत न ठेवता खिडकीशी ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत दांडा दिसतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले येतात. मार्चअखेरीस फुले उतरत असतील तर दांडा बुडाशी कापावा. शेवटच्या दोन कळ्यांसाठी तो ठेवला तर झाड उन्हाळ्यात रिकाम्या पोटाने जाते.

एका ऑर्किडला मात्र यातले फारसे काही शिकवावे लागत नाही. रास्ना, म्हणजे वँडा टेसेलाटा. हे गुजरात-महाराष्ट्रातल्या कोरड्या रानांतलेच झाड. आंब्यावर, मोहावर त्याच्या चामड्यासारख्या पानांचे झुपके दिसतात. पिवळसर-तपकिरी जाळीदार फूल, आणि वास सुंदर. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज मोरेल याने 1960 च्या सुमारास कोंबाच्या टोकातून ऑर्किडची रोपे करण्याची पद्धत दाखवली, आणि आज दुकानात मिळणारी असंख्य फॅलेनॉप्सिस-डेंड्रोबियम प्रयोगशाळेच्या बाटलीतून येतात. रास्ना मात्र बहुधा कोणीतरी झाडावरून सोलून आणलेली असते. सह्याद्रीतल्या ‘सीतेची वेणी’ या ऑर्किडचीही तीच दशा. पावसाळ्याच्या तोंडाशी तिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागले की घाटरस्त्यांवर ती विकायला येते. तिची मुळे सालीला चिकटलेली असतात, सोलताना ती तुटतात, आणि तशी झाडे शहरातल्या बाल्कनीत क्वचितच रुजतात. ऑर्किडचे अख्खे कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहे, ते उगाच नाही. वादळाने पडलेल्या फांदीवर रास्ना सापडली तर ती फांदीसकट उचलून आंब्याच्या खोडाला सुतळीने बांधावी. तेवढीच सूट.

विकत घ्यायचे असेल तर फुले बघून फेब्रुवारीत घेऊ नका, कारण घरी येताच त्याच्यासमोर उन्हाळा उभा असतो. बाजव्यात पहिले ऑर्किड घ्यावे ते डेंड्रोबियम, तेही उष्ण हवेत वाढणाऱ्या प्रकारातले, आणि जूनच्या शेवटी. कुंडी उचलून बाजूच्या भोकांतून आत बघा. मुळांची टोके हिरवी दिसली तरच पैसे द्या.